उदरभित्तीचे स्तर आणि बंध : शारीररचनेच्या वर्णनपरंपरेची चिकित्सा

सारांश

मानवी उदराच्या पुढील भित्तीचे वर्णन वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत सामान्यतः एकावर एक रचलेले स्तर आणि त्यांना आधार देणारे बंध अशा स्वरूपात केले जाते. हे वर्णन पाठांतरास सोयीचे आहे. परंतु त्यातील ‘स्तर’ आणि ‘बंध’ या दोन्ही संज्ञा परस्परांहून भिन्न असलेल्या अनेक रचनांना एकच नाव देतात आणि सलग असलेल्या रचनांना अलग करतात. या सुलभीकरणाची किंमत हर्नियाच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात रुग्णांना मोजावी लागली. प्रस्तुत लेखात या वर्णनपरंपरेची चिकित्सा केली असून मराठी परिभाषेच्या संदर्भात तिचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : उदरभित्ती, प्रावरणी, वंक्षण बंध, अंतर्गळ, परिभाषा, वर्णनपरंपरा.

प्रस्तावना

शारीररचना हे वर्णनाचे शास्त्र आहे. शरीर डोळ्यांपुढे असते, परंतु विद्यार्थी ते पाहतो तेव्हा त्याच्या हाती अगोदरच एक ग्रंथ असतो आणि त्या ग्रंथाने सांगितलेलेच त्याला प्रथम दिसते. साहित्यकृतीचे वाचन जसे वाचकाच्या पूर्वग्रहांनी घडते, तसेच शवविच्छेदनाच्या मेजावरील ‘वाचन’ही पूर्वीच्या वर्णनांनी घडत असते. म्हणूनच शारीररचनेच्या वर्णनाची समीक्षा हा केवळ वैद्यकाच्या अध्यापकांचा विषय राहत नाही. भाषा, इतिहास आणि ज्ञानमीमांसा यांच्या अभ्यासकांनाही त्यात रस वाटावा असा तो विषय आहे.

या चिकित्सेसाठी उदरभित्तीची निवड सहेतुक आहे. हाडांचे वर्णन करताना भाषेला फारसा वाव नसतो; मांडीचे हाड कोठे संपते याविषयी मतभेद संभवत नाहीत. उदराच्या पुढील भित्तीत मात्र बरगड्या व कटिअस्थी यांच्या मधल्या विस्तृत भागात हाडाचा आधारच नाही. तेथे मऊ पडदे, तंतूंच्या चादरी आणि त्यांच्या दुमडी आहेत. कोणता पडदा स्वतंत्र मानावयाचा, कोणत्या काठाला नाव द्यावयाचे, हे ठरविताना वर्णनकर्त्याला निवड करावी लागते. ही निवड कोणी केली, कशासाठी केली आणि तिचे परिणाम काय झाले, हे पाहणे येथे अभिप्रेत आहे.

स्तरांची रूढ मांडणी

पाठ्यपुस्तकातील क्रम सर्वपरिचित आहे. बाहेरून आत जाताना प्रथम त्वचा लागते. तिच्याखाली वरवरची प्रावरणी असते. बेंबीच्या खालच्या भागात तिचे दोन पदर सांगितले जातात. बाहेरचा पदर चरबीयुक्त असून तो डच शारीरविद पेट्रुस कांपर (१७२२–१७८९) याच्या नावाने ओळखला जातो. आतला पदर पातळ पापुद्र्यासारखा असून त्याला पाव्हिया येथील अंतोनियो स्कार्पा (१७५२–१८३२) याचे नाव आहे. त्यानंतर तीन सपाट स्नायू येतात : बाह्य तिर्यक, आंतर तिर्यक आणि आडवा उदरस्नायू. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना उभे असे सरळ उदरस्नायू असतात आणि सपाट स्नायूंच्या कंडरापटलांनी, म्हणजे चादरीसारख्या पसरट कंडरांनी, त्यांच्याभोवती म्यान तयार होते. सर्वांच्या आत आडवी प्रावरणी, तिच्यामागे चरबीचा एक विरळ थर आणि शेवटी पर्युदर असते.

या मांडणीत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. तिन्ही सपाट स्नायूंच्या तंतूंच्या दिशा भिन्न आहेत आणि हा फरक शल्यचिकित्सकाच्या हाताला प्रत्यक्ष जाणवतो. १८९४ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅक्बर्नी याने आंत्रपुच्छ काढण्यासाठी सुचविलेला छेद याच वस्तुस्थितीवर आधारलेला आहे. त्यात स्नायू कापले जात नाहीत. प्रत्येक स्नायू त्याच्या तंतूंच्या दिशेने फाकविला जातो आणि शस्त्रक्रिया संपताच हे तंतू परस्परांना छेद देत पुन्हा जवळ येतात. स्तरांची कल्पना निव्वळ काल्पनिक असती तर हा छेद यशस्वी झाला नसता.

स्कार्पाच्या पापुद्र्याची गोष्टही अशीच आहे. हा पापुद्रा जांघेच्या किंचित खाली मांडीच्या घट्ट प्रावरणीला चिकटतो, तर मध्यभागी तो जननेंद्रियांवरून पुढे जाऊन मूलाधाराच्या प्रावरणीशी सलग होतो. त्यामुळे मूत्रमार्गाचा कंदभाग अपघाताने फाटला तर बाहेर पडलेले मूत्र वृषणकोशात आणि तेथून वर उदरभित्तीत पसरते, परंतु मांडीत उतरत नाही. ज्या पडद्याला पुष्कळदा विद्यार्थी परीक्षेपुरता लक्षात ठेवतात, तो रुग्णाच्या शरीरात द्रवाची वाट ठरवितो. मात्र येथे लक्षात घ्यावयाची बाब अशी की, या उदाहरणात महत्त्व त्या पापुद्र्याच्या ‘स्तर’ असण्याला नाही. तो कोठे चिकटतो आणि कोठे सलग राहतो, याला ते आहे.

स्तर निसर्गाचे की सुरीचे ?

येथूनच रूढ मांडणीच्या मर्यादा दिसू लागतात. आकृतीत आठ रेघा समांतर काढल्या की आठ स्तर सारख्याच दर्जाचे आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात त्यांतील काही दाट स्नायू आहेत, काही तंतूंच्या चादरी आहेत, तर काही दोन स्पष्ट रचनांच्या मधली भर आहे. कांपर आणि स्कार्पा यांच्या नावांचे पदर बेंबीच्या वर वेगळे दाखविता येत नाहीत. हातापायांत आढळणारी घट्ट, खोल प्रावरणी उदराच्या पुढील भागात नाही, आणि ती नसणे हेच अर्थपूर्ण आहे. श्वास, भोजन आणि गर्भधारणा यांसाठी ही भित्ती ताणली जाणे आवश्यक असते. स्तरांची यादी जे आहे तेवढेच मोजते. जे नाही आणि का नाही, हे ती सांगत नाही.

सरळ उदरस्नायूच्या म्यानाचे वर्णन हे याहून बोलके उदाहरण आहे. लंडनमधील जेम्स डग्लस याने १७३० मध्ये पर्युदरावरील आपल्या ग्रंथात या म्यानाच्या मागील भित्तीच्या खालच्या काठाकडे लक्ष वेधले. आज त्याला चापरेषा म्हणतात. पाठ्यपुस्तक सांगते की, या रेषेच्या वर आंतर तिर्यक स्नायूचे कंडरापटल दुभंगून म्यानाच्या पुढे व मागे जाते आणि रेषेखाली तिन्ही पटले पुढे येतात. वाक्य सुटसुटीत आहे. परंतु हा बदल अनेक शरीरांत एका रेषेवर घडत नाही. तो हळूहळू घडतो आणि रेषेची उंची व्यक्तीगणिक बदलते.

१९७७ मध्ये अस्कार आणि १९८० मध्ये रिझ्क या संशोधकांनी कंडरापटलांच्या तंतूंचा बारकाईने माग घेतला. त्यातून निघालेले चित्र सुटसुटीत यादीपेक्षा वेगळे होते. रिझ्क यांच्या वर्णनानुसार तिन्ही कंडरापटले प्रत्येकी दोन पदरांची आहेत आणि त्यांचे तंतू मध्यरेषेत थांबत नाहीत. ते एकमेकांत विणले जाऊन पलीकडच्या बाजूला जातात. एका बाजूचा बाह्य तिर्यक स्नायू आणि दुसऱ्या बाजूचा आंतर तिर्यक स्नायू हे अशा प्रकारे एकाच तिरप्या ओढीचे दोन भाग ठरतात. मध्यरेषेतील श्वेतरेषा ही दोन अर्ध्या भित्तींची शिवण नसून विणकाम आहे. शिवण म्हटले की दोन वेगळे तुकडे गृहीत धरावे लागतात, विणकाम म्हटले की एकच वस्त्र. धड वळविण्याच्या क्रियेचे स्पष्टीकरण दुसऱ्या शब्दानेच होते.

आकृतीने लपविलेल्या आणखी एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे. आडवा उदरस्नायू सरळ स्नायूच्या बाहेरील काठाशीच कंडरापटलात रूपांतरित होतो, असे अनेक आकृत्या सूचित करतात. वस्तुतः उदराच्या वरच्या भागात त्याचे मांसल तंतू सरळ स्नायूच्या मागे बरेच आतपर्यंत गेलेले असतात. मोठ्या हर्नियांच्या दुरुस्तीसाठी २०१२ मध्ये नोव्हित्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली, आडवा स्नायू सोडविण्याची पद्धत नेमक्या याच वस्तुस्थितीचा उपयोग करते. जी गोष्ट शरीरात नेहमीच होती, ती आकृतीच्या सोयीसाठी पुसली गेली होती.

स्तरांपेक्षा स्तरांमधील अवकाश कधीकधी अधिक महत्त्वाचा ठरतो, हेही यादीतून उमगत नाही. उदरभित्तीच्या चेता आंतर तिर्यक आणि आडवा या दोन स्नायूंच्या मधून जातात. २००१ मध्ये रफी यांनी याच पातळीत भूल देण्याचे औषध सोडून उदरभित्ती बधिर करण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढे ती शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनाशमनासाठी रूढ झाली. ज्या जागेला स्तरांच्या यादीत क्रमांकच नाही, तीच जागा रुग्णाच्या वेदनेच्या दृष्टीने निर्णायक ठरली.

‘बंध’ या संज्ञेची व्याप्ती

‘स्तर’ या संज्ञेपेक्षा ‘बंध’ ही संज्ञा अधिक गोंधळाची आहे. ज्याला वैद्यकाच्या वर्गात लिगामेंट म्हणतात, तो बंध म्हणजे सामान्यतः सांध्यातील दोन हाडांना जखडणारा तंतूंचा पट्टा अशी समजूत असते. उदरभित्तीतील लिगामेंटे या व्याख्येत बसतात काय, हे तपासणे उद्बोधक ठरते.

वंक्षण बंध हा सर्वांत प्रसिद्ध. तो कटिअस्थीच्या पुढील टोकापासून जघनास्थीच्या गाठीपर्यंत जातो, म्हणजे दोन हाडांदरम्यान तो आहे खरा. परंतु तो कोणत्याही सांध्याला जखडत नाही. बाह्य तिर्यक स्नायूच्या कंडरापटलाचा खालचा काठ आतल्या बाजूस दुमडला जातो, त्या दुमडीलाच हे नाव मिळाले आहे. लुगड्याचा काठ लुगड्याहून वेगळा काढून दाखविता येत नाही, तशीच ही स्थिती आहे. सोळाव्या शतकात फालोप्पिओ याने या रचनेची नोंद केली होती, तरी पुढे ती फ्रान्स्वा पूपार (१६६१–१७०९) याच्या नावाने रूढ झाली. १९९८ च्या आंतरराष्ट्रीय शारीरपरिभाषेत तिला लिगामेंट या नावाबरोबरच ‘कमान’ असे पर्यायी नावही दिलेले आहे. अधिकृत परिभाषेनेच एका रचनेला दोन नावे द्यावीत, यातून पहिल्या नावाविषयीची अस्वस्थता प्रकट होते.

याच दुमडीचा आतला भाग जघनास्थीकडे वळून त्रिकोणी पडदा तयार करतो. स्पॅनिश शल्यचिकित्सक अंतोनियो दे खिम्बेरनात (१७३४–१८१६) याने १७७७ मध्ये लंडन येथे जॉन हंटर याला तो दाखविला आणि मांडीच्या हर्नियात आतडे अडकले असता हा पडदा कापून ते मोकळे करता येते, हे पुढे १७९३ च्या आपल्या पुस्तकात प्रतिपादिले. जघनास्थीच्या कडेवरील घट्ट पट्टा ॲस्टली कूपर (१७६८–१८४१) याच्या नावाशी जोडला गेला. हे दोन्ही ‘बंध’ म्हणजे एकाच सलग तंतुमय रचनेचे विस्तार होत.

उदरभित्तीच्या आतील पृष्ठभागावर तर ‘बंध’ या शब्दाचा अर्थ पूर्णतः बदलतो. बेंबीपासून मूत्राशयाकडे जाणारा मध्यवर्ती बंध हा गर्भावस्थेतील मूत्राशयनलिकेचा अवशेष आहे. त्याच्या दोन्ही बाजूंचे बंध म्हणजे बुजलेल्या नाभिरोहिण्या. बेंबीपासून यकृताकडे जाणारा गोल बंध म्हणजे बुजलेली नाभिनीला आणि तिला सामावून घेणारा विळ्याच्या आकाराचा बंध म्हणजे पर्युदराची घडी. यांतील एकही रचना काही बांधून ठेवण्यासाठी निर्माण झालेली नाही. जन्मापूर्वी ज्या वाटांनी रक्त व मूत्र वाहत होते, त्या वाटांच्या या खुणा आहेत.

अशा प्रकारे उदरभित्तीच्या संदर्भात ‘बंध’ या एका शब्दाखाली किमान तीन भिन्न जातींच्या वस्तू एकत्र येतात : कंडरापटलाचे काठ व त्यांचे विस्तार, गर्भकालीन नलिकांचे अवशेष आणि पर्युदराच्या घड्या. त्यांची उत्पत्ती वेगळी, ताकद वेगळी, कार्य वेगळे. शब्द एकच राहिल्यामुळे विद्यार्थ्यांच्या मनात मात्र सर्वांची प्रतिमा मजबूत दोरखंडाची होते.

व्यक्तिनामांचा प्रश्न

या क्षेत्रात व्यक्तिनामांची दाटी आहे. कांपर, स्कार्पा, पूपार, खिम्बेरनात, कूपर, डग्लस ही नावे वर आलीच आहेत. शरीररचनेच्या नावांची अव्यवस्था दूर करण्यासाठी १८९५ मध्ये बाझेल येथे मान्य झालेल्या परिभाषेने प्रचारातील सुमारे ५०,००० नावे साडेपाच हजारांच्या आसपास आणली. १९५५ च्या पॅरिस परिभाषेने व्यक्तिनामे वगळण्याचे धोरण स्वीकारले आणि १९९८ ची परिभाषा व २०१९ ची तिची दुसरी आवृत्ती यांनी ते पुढे चालविले. तरीही शस्त्रक्रियागृहात ही नावे जिवंत आहेत.

व्यक्तिनामांवरील नेहमीचा आक्षेप असा की, त्यांतून रचनेविषयी काहीच कळत नाही. त्याहून गंभीर आक्षेप असा की, नाव स्थिर राहते आणि अर्थ सरकतो. व्युर्त्सबुर्ग येथील फ्रान्ट्स कास्पार हेसेलबाख (१७५९–१८१६) याच्या नावाचा त्रिकोण हे याचे उत्तम उदाहरण आहे. हेसेलबाखने वर्णिलेल्या त्रिकोणाचा पाया जघनास्थीच्या कडेवर होता. आजच्या पुस्तकांतील त्रिकोणाचा पाया मात्र वंक्षण बंधावर असतो. म्हणजे नाव त्याचे आणि त्रिकोण दुसराच. हा बदल निरुपद्रवी नाही. पहिला त्रिकोण भित्तीच्या मागील, खोल पृष्ठभागाचा आहे; दुसरा पुढून पाहणाऱ्याच्या सोयीचा आहे. खोल भागाकडून वरवरच्या भागाकडे झालेले हे स्थलांतर पुढे येणाऱ्या शोकांतिकेचे सूचक म्हणता येईल.

वर्णनाची किंमत : बास्सिनीची शस्त्रक्रिया

एदोआर्दो बास्सिनी (१८४४–१९२४) याचे उदाहरण या संपूर्ण विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे. तरुणपणी इटलीच्या एकीकरणाच्या लढ्यात भाग घेताना १८६७ मध्ये रोमजवळ त्याला उजव्या जांघेत संगिनीची जखम झाली होती. पुढे पादुआ येथे शल्यचिकित्सेचा प्राध्यापक असताना त्याने जांघेच्या हर्नियावर, म्हणजे अंतर्गळावर, नवी शस्त्रक्रिया योजिली. १८८७ मध्ये त्याने ती इटलीतील शल्यचिकित्सकांपुढे मांडली, १८८९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आणि १८९० मध्ये जर्मन भाषेतून ती सर्व युरोपापर्यंत पोहोचली.

या शस्त्रक्रियेचे मर्म असे की, बास्सिनी वंक्षण नालाची मागील भित्ती, म्हणजे आडवी प्रावरणी, उघडत असे. त्यानंतर आंतर तिर्यक स्नायू, आडवा स्नायू आणि आडवी प्रावरणी हा तिहेरी पदर एकत्र धरून तो वंक्षण बंधाशी शिवत असे. त्याच्या हाती हर्निया उलटण्याचे प्रमाण त्या काळाच्या मानाने अत्यल्प होते. परंतु ही शस्त्रक्रिया विशेषतः उत्तर अमेरिकेत पसरली तेव्हा तिच्यातील निर्णायक पायरी गळून पडली. आडवी प्रावरणी न उघडता, समोर दिसणारी स्नायूंची कमान आणि तथाकथित ‘संयुक्त कंडरा’ ओढून वंक्षण बंधाशी शिवण्याचा प्रघात पडला. नाव बास्सिनीचेच राहिले. टाके ताणाखाली राहिले, हर्निया उलटत राहिले आणि दोष पद्धतीच्या नावावर गेला.

ही पायरी का गळली, याची अनेक कारणे संभवतात. परंतु वर्णनपरंपरेचा वाटा त्यात निश्चितच होता असे म्हणावे लागते. आडव्या प्रावरणीचे महत्त्व अज्ञात नव्हते. १८०४ मध्येच कूपरने तिचे वर्णन करून हर्नियाशी तिचा संबंध दाखविला होता. मात्र पाठ्यपुस्तकाच्या यादीत ती शेवटून तिसरी, पातळ, नगण्य अशी उरली. याउलट वंक्षण बंध ‘बंध’ म्हणून आणि संयुक्त कंडरा ‘कंडरा’ म्हणून आपापल्या नावांनीच मजबूत वाटत होते. वास्तविक दोन्ही स्नायूंची पटले खरोखर एकत्र येऊन कंडरा तयार झालेली शरीरे विच्छेदनात थोडीच आढळतात. नावाने जिचे अस्तित्व गृहीत धरले, ती रचना पुष्कळ रुग्णांत नव्हतीच. शल्यचिकित्सकाने शरीराऐवजी शब्दावर विश्वास ठेवला, असे म्हणणे वावगे ठरू नये.

या चुकीची दुरुस्तीही पुन्हा वाचनानेच झाली. बास्सिनीचा शिष्य आत्तिल्यो कात्तेरीना याने गुरूची मूळ पद्धत चित्रांसह प्रसिद्ध केली आणि १९३४ मध्ये तिचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघाले. अमेरिकेतील चेस्टर मॅकव्हे आणि बॅरी ॲन्सन यांनी अनेक विच्छेदनांच्या आधारे १९४२ मध्ये असे दाखविले की, मागील भित्तीचे तंतू वंक्षण बंधाला नव्हे तर जघनास्थीच्या कडेवरील कूपरच्या बंधाला जाऊन मिळतात. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच प्रचलित पद्धतींतील ‘मूलभूत चूक’ असा निर्देश होता. टोरांटो येथे अर्ल शोल्डाइस याने १९४५ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयात आडवी प्रावरणी उघडून ती पदरांवर पदर घेत शिवण्याची पद्धत विकसित झाली आणि तेथे हर्निया उलटण्याचे प्रमाण शेकडा एकच्या आसपास आले.

१९५६ मध्ये आंरी फ्रुशो या फ्रेंच शल्यचिकित्सकाने या पुनर्वाचनाला सैद्धांतिक रूप दिले. त्याच्या मते जांघेचे सर्व हर्निया भित्तीतील एकाच दुर्बळ क्षेत्रातून बाहेर पडतात. त्या क्षेत्राच्या वरच्या बाजूस स्नायूंची कमान, आतल्या बाजूस सरळ स्नायू, बाहेरच्या बाजूस कटी व मांडी यांमधला मोठा स्नायू आणि खाली जघनास्थीची कड आहे. वंक्षण बंध या क्षेत्राची सीमा नाही. तो केवळ त्यावरून आडवा गेलेला पट्टा आहे. तोपर्यंत ग्रंथांत जांघेचा हर्निया एका प्रकरणात आणि मांडीचा हर्निया दुसऱ्या प्रकरणात असे. वंक्षण बंध ही शरीरातील सीमा असण्यापेक्षा पुस्तकातील प्रकरणांची सीमा होती, हे फ्रुशोच्या मांडणीने उघड झाले. पुढे दुर्बिणीद्वारे आतून जाळी बसविण्याच्या शस्त्रक्रियांनी हेच संपूर्ण क्षेत्र झाकण्याचे तत्त्व स्वीकारले.

येथे एक सावधगिरी बाळगणे उचित होईल. वंक्षण बंध शस्त्रक्रियेतून बाद झाला, असा याचा अर्थ नाही. १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या अर्व्हिंग लिख्टेनस्टाइन यांनी ताणरहित दुरुस्तीचा पुरस्कार केला. तीत जाळीचा खालचा काठ याच बंधाशी शिवला जातो. दुमडलेला काठ टाका धरण्यास उपयुक्त आहे. आक्षेप त्याच्या उपयोगाला नसून, तो मागील भित्तीचा नैसर्गिक पाया आहे या समजुतीला आहे.

मराठी परिभाषेच्या संदर्भात

हा प्रश्न मराठीत अधिक तीव्र होतो, कारण येथे परिभाषेच्या दोन परंपरा एकमेकींवर आल्या आहेत. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजले आहेत. तेथे पेशी म्हणजे मांसल भाग आणि स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे तंतुमय भाग. फळ्यांची नाव जशी बंधनांनी जखडल्यामुळे भार वाहते, तसे शरीर स्नायूंनी जखडल्यामुळे भार सहन करते, असा तेथील दृष्टान्त आहे. आधुनिक मराठीत मात्र ‘स्नायू’ म्हणजे मांसल भाग झाला आणि ‘पेशी’ हा शब्द सजीवाच्या सूक्ष्म घटकाकडे गेला. हिंदीने पेशी हा शब्द मांसल भागासाठीच ठेवून सूक्ष्म घटकाला कोशिका म्हटले, तर बंगालीत स्नायू म्हणजे चेतातंतू. महाराष्ट्रातील आयुर्वेद महाविद्यालयातील विद्यार्थ्याला एकाच तासात ‘स्नायू’ हा शब्द संहितेच्या अर्थाने आणि शालेय विज्ञानाच्या अर्थाने असा दोन्ही प्रकारे ऐकावा लागतो.

विशेष म्हणजे सुश्रुताने स्नायूंचे चार प्रकार सांगताना आकार हा निकष घेतला आहे : फांद्या फुटलेले, गोल, पसरट आणि सच्छिद्र. पसरट स्नायूंच्या स्थानांत त्याने कुशींचा निर्देश केला आहे. आधुनिक कंडरापटल आणि सुश्रुताचा पसरट स्नायू एकच होत, असा दावा करणे इतिहासाला धरून होणार नाही. दोहोंमागील निरीक्षणपद्धती आणि प्रयोजने भिन्न आहेत. परंतु बांधणाऱ्या वस्तूंना एकच नाव देऊन न थांबता त्यांचे आकारानुसार पोटभेद करावेत, ही दृष्टी आजही अनुकरणीय आहे.

आधुनिक मराठी शालेय परिभाषेत लिगामेंटसाठी ‘अस्थिबंध’ हा शब्द रूढ आहे. गुडघ्याच्या संदर्भात तो चपखल बसतो. उदरभित्तीत मात्र तो दिशाभूल करतो. बुजलेल्या नाभिनीलेला अस्थिबंध म्हणणे हास्यास्पद होईल. इंग्रजी शब्दातील संदिग्धता अनुवादाने निश्चित चुकीत बदलते, याचे हे उदाहरण आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या भाषा संचालनालयाने परिभाषानिर्मितीचे मोठे कार्य केले. त्या कार्याची पुढची पायरी शब्दास शब्द देण्यापलीकडची असली पाहिजे. ‘अस्थिबंध’ हा शब्द सांध्यांपुरता राखून उदरभित्तीसाठी तीन पोटभेद करता येतील : कंडरापटलाच्या दुमडीला व तिच्या विस्तारांना ‘काठबंध’, गर्भकालीन नलिकांच्या शेषांना ‘अवशेषबंध’ आणि पर्युदराच्या पदरांना ‘घडीबंध’. हे शब्द नवे असले तरी त्यांचे घटक घरगुती मराठीतले आहेत आणि प्रत्येक शब्द ऐकताच वस्तूची जात कळते. परक्या भाषेतून आलेल्या परिभाषेला मराठी केवळ पर्याय देत नाही, प्रसंगी ती सुधारूही शकते, हे यातून सूचित व्हावे.

वर्णन आणि जिवंत शरीर

शेवटचा मुद्दा जिवंत शरीराचा. विच्छेदनाच्या मेजावरील भित्ती रसायनाने ताठरलेली असते. तेथे स्तर खरोखरच स्थिर स्तरांसारखे दिसतात. जिवंत माणूस खोकतो तेव्हा आंतर तिर्यक व आडव्या स्नायूंची कमान आकसून खाली येते आणि सुमारे ४ सेंटीमीटर लांबीचा वंक्षण नाल पडद्यासारखा मिटवते. भित्तीची खरी सुरक्षितता या हालचालीत आहे. कोणत्याही स्तराच्या जाडीवरून ती मोजता येत नाही. ओझे उचलणारा हमाल, दीर्घकाळ खोकणारा वृद्ध, प्रसूतीनंतरची स्त्री यांच्या उदरभित्तीविषयी बोलताना स्तरांची यादी अपुरी पडते ती यामुळेच.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. उदरभित्तीचे स्तर काल्पनिक नाहीत, परंतु ते समान दर्जाचे, समांतर आणि स्वतंत्र आहेत ही समजूत आकृतींनी निर्माण केलेली आहे. ‘बंध’ ही संज्ञा भिन्न उत्पत्तीच्या रचनांना एकाच प्रतिमेत कोंबते. व्यक्तिनामे इतिहासाची आठवण ठेवतात, पण अर्थ सरकला तरी तो सरकल्याचे कळू देत नाहीत. या तिन्ही दोषांचा परिणाम केवळ परीक्षेपुरता राहिला नाही. बास्सिनीच्या शस्त्रक्रियेच्या विपर्यासात त्याची झळ असंख्य रुग्णांना पोहोचली.

यावर उपाय म्हणून यादी टाकून देण्याची गरज नाही. आरंभीच्या विद्यार्थ्याला तिचा आधार लागतोच. आवश्यक आहे ते एवढेच की, यादी शिकविल्यानंतर अध्यापकाने ती त्याच तासात अंशतः मोडून दाखवावी : कोणता काठ कोणाचा, कोणता पडदा कोठे सलग, कोणती रचना किती शरीरांत आढळतच नाही. वर्णन हे शरीराकडे जाण्याची वाट आहे, मुक्काम नव्हे. ज्या अध्यापनात ही जाणीव राहील, तेथील विद्यार्थी उद्या रुग्णाच्या जांघेवर छेद घेताना पुस्तकातील नाव आठवून थांबणार नाही. त्या नावामागे हाताला प्रत्यक्ष काय लागते, ते तपासून पाहील.